थांबवणारे चिट्याल

आमच्या वसाहतीत कुठलंही कार्य निघालं, की अंबादास चिट्याल तिथे जातात आणि विचारतात, "थांबवणारा कोण आहे?"

लोक चालवणाऱ्याकडे बोट दाखवतात. मांडववाल्याकडे, डीजेवाल्याकडे, बोअर मारायला आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरकडे. चिट्याल मान हलवतात. "हा चालवणारा झाला. चालवणारे ढीगभर असतात. थांबवणारा दाखवा." असा माणूस कुणी नेमलेला नसतो. मग ते चिडतात. त्यांचं चिडणं मोठ्या आवाजातलं असतं आणि ते तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू जातं.

गेल्या वर्षी समोरच्या घरातल्या लग्नात त्यांनी हाच प्रश्न थेट वधूपित्याला विचारला. मंगलाष्टकांची शेवटची दोन कडवी उरली होती. त्यांच्या डोक्यात जनरेटर होता; तो मांडवाच्या कापडाला खेटून ठेवलेला होता. वधूपित्याच्या डोक्यात दुसरंच आलं. मुलीच्या दोन काकांनी चिट्याल यांना दंडाला धरून बाहेर नेलं. बाहेरून ते ओरडत होते, "लग्न लावा की. कोण नको म्हणतंय? जनरेटर हलवा." जनरेटर कुणी हलवला नाही. काही झालंही नाही. पंगतीत सगळ्यांनी त्यावर हसून घेतलं.

मी त्यांच्या शेजारी राहते आणि एका वर्तमानपत्रात काम करते. चिट्याल मला "पत्रकारबाई" म्हणतात. पहिल्याच भेटीत ते म्हणाले होते, "तुम्हाला घडल्यावर कळतं. आमचं काम घडायच्या आधीचं." हे त्यांनी कौतुकानं म्हटलं नव्हतं.

त्यांचं वय अडुसष्ट. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वडील आणि भाऊ मागावर टॉवेल विणायचे. अंबादास पॉलिटेक्निक करून पूर्व किनाऱ्यावरच्या एका रॉकेट तळावर नोकरीला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. पत्नी तिथल्या वसाहतीतच वारल्या. मुलगी हैदराबादला असते. चिट्याल निवृत्त झाल्यावर सोलापूरला भावाच्या घरी परतले, तोवर भावाचे माग भंगारात गेले होते आणि पुढच्या दोन वर्षांत भाऊही गेला. आता वरच्या मजल्यावर ते एकटे असतात.

रॉकेटवाला माणूस म्हणून वसाहतीला सुरुवातीला त्यांचा अभिमान होता. तो फार टिकला नाही, कारण चिट्याल यांनी रॉकेट उडवलेलं नव्हतं. त्यांचा विभाग वेगळा. रडार रॉकेटचा माग काढायचं आणि यांच्या पडद्यावर एक ठिपका दिसायचा. तो ठिपका म्हणजे रॉकेट नव्हे. आत्ता, या क्षणी, रॉकेट बंद पडलं तर ते कुठे कोसळेल, ती जागा. पडद्यावर आधीच एक रेघ आखलेली असायची. रेघेपलीकडे गावं, शाळा, कोळ्यांच्या वस्त्या. ठिपका त्या रेघेला लागला, की बटण दाबून रॉकेट हवेतच फोडायचं. कितीही माणसांनी कितीही वर्षं खपून बनवलेलं असो. त्या बटणावर चिट्याल बसायचे. खोलीला खिडकी नव्हती. त्यांच्या पाळीवर ते बटण दाबायची वेळ एकदाही आली नाही.

"म्हणजे इतकी वर्षं तिथं केलं काय तुमी?" असं नागेशनं एकदा चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर विचारलं. नागेश वसाहतीच्या जत्रा कमिटीचा अध्यक्ष. त्याचं मोबाइलचं दुकान आहे.

"काही नाही," चिट्याल म्हणाले. "काही झालं नाही, ते केलं."

लोक हसले. चिट्याल यांनी तो चहा अर्धा टाकला आणि दोन आठवडे त्या टपरीवर गेले नाहीत.

त्यांना माणसं दिसतच नाहीत, माणसांचे ठिपके दिसतात. बायको आणि दोन मुलांना स्कूटरवर घेऊन निघालेल्या दूधवाल्याला ते अडवतात. "तू इथं आहेस असं तुला वाटतं. तुझा पडायचा ठिपका त्या गटारीच्या पलीकडं आहे. आणि धाकटीचा तर खांबावर." कुणी म्हणालं, उद्या पाणी सुटणार आहे, तर ते विचारतात, "दुसरं रडार काय म्हणतं?" एका रडारवर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा धर्म. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि त्याबद्दल रोज अफवा येतात. त्यामुळे चिट्याल यांचं दुसरं रडार सकाळपासून चालू असतं. या एका बाबतीत आमचं पटतं. माझ्याही धंद्यात एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी लावत नाहीत. निदान लावू नये असा नियम आहे.

मागच्या जत्रेच्या आधी कमिटीची बैठक होती. चिट्याल यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. या वेळी नागेशकडे उत्तर तयार होतं.

"काका, दर साली विचारता नव्हं, थांबवणारा कोण म्हणून? घ्या, तुमीच. आजपास्नं तुमी थांबवणारे."

सगळे हसले. चिट्याल हसले नाहीत. "लेखी द्या," ते म्हणाले.

कमिटीच्या लेटरहेडवर लेखी दिलं गेलं. 'जत्रेतील शोभेच्या दारूकामावर देखरेख ठेवणे व गरज पडल्यास ते थांबवणे.' खाली नागेशची सही आणि शिक्का. ते पत्र लिहिताना नागेश शेजारच्याला डोळा मारत होता. मी समोर बसले होते.

शोभेची दारू दर वर्षी मैंदर्गीचे मेहबूबभाई उडवतात. गावाबाहेर शेतात त्यांची शेड आहे. आमच्या देवळामागच्या मैदानावर त्यांच्या आजोबांपासून हे काम त्यांच्या घराकडे आहे. मेहबूबभाईंना भुवया नाहीत. त्या कधीच जळून गेल्या. आवाज खालचा. जत्रेच्या दोन महिने आधी ते जागा बघायला आले, तेव्हा चिट्याल यांनी त्यांनाही विचारलं, थांबवणारा कोण.

मेहबूबभाईंनी जरा विचार केला. "बत्ती लगने के पहले मैं," ते म्हणाले. "बत्ती लगने के बाद अल्ला."

"त्याला कशाला त्रास," चिट्याल म्हणाले. "खाली एक नेमू की."

या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस चिट्याल यांना सोलापुरात पहिल्यांदाच भेटला होता. त्या दिवशी ते दोघे मैदानावर तीन तास होते. मेहबूबभाई पुढेही येत राहिले. किती मसाल्याचा औटगोळा किती उंच जातो, तो उडवायची लोखंडी नळी वाळूत किती पुरायची, वाऱ्यानं जळका कागद कुठवर उडतो, हे चिट्याल विचारायचे आणि वहीत उतरवायचे. मैदानाच्या एका बाजूला टॉवेल कारखान्याचं गोदाम आहे. त्यात सुताचा कचरा छतापर्यंत भरलेला असतो. वारा गोदामाकडे वळला, हे धोक्याचं एक लक्षण ठरलं. नळ्यांभोवती आखलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेच्या आत कुणी आलं, हे दुसरं; नळी कलली, हे तिसरं. एकटं एक लक्षण असेल तर हटकायचं, दोन जुळली तर भोंगा. हातानं फिरवायचा भोंगा चिट्याल यांनी जुन्या बाजारातून आणला. वसाहतीतली म्हातारी माणसं तो आवाज ऐकून दारात आली. बंद पडलेली गिरणी पुन्हा सुरू झाली की काय, असं त्यांना वाटलं.

रॉकेट तळावरची एक रीत चिट्याल यांनी मला सांगितली होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण त्यांच्या खोलीतले सगळे पाळायचे. रॉकेट बनवणाऱ्यांबरोबर जेवायचं नाही. त्यांच्या घरच्या बारशाला जायचं नाही. रॉकेटवर काय ठेवलंय, त्याला नाव काय दिलंय, हेही विचारायचं नाही. "ज्याच्या डब्यातलं खाल्लं, त्याच्यावर बटण दाबताना हात जड होतो," ते म्हणाले. या रीतीपायी तिथल्या वसाहतीत चिट्याल पती-पत्नींना फारसं कुणी बोलावत नसे. "बायकोला त्रास झाला. मला काही नाही," असं ते म्हणाले आणि विषय बदलला.

म्हणून एके दुपारी मैदानावरच्या लिंबाखाली मी जे पाहिलं त्याचं मला आश्चर्य वाटलं. मेहबूबभाईंनी फडकं सोडलं होतं. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. चिट्याल समोर मांडी घालून भाकरी मोडत होते आणि तोंडात घास असताना मोठमोठ्यानं भांडत होते. विषय वाऱ्याचा होता. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"हे रॉकेट नाही, पत्रकारबाई," ते जरा रागानंच म्हणाले. "शोभेची दारू आहे."

मी काही विचारलं नव्हतं.

मेहबूबभाईंचं त्या मैदानावरचं काम डगमगत होतं, हे दोघांनाही माहीत होतं. कमिटीतल्या पोरांना पुण्याहून लेझर शो आणायचा होता. नागेशनं तोंडावर सांगितलं होतं, "औंदा शेवटचं बघू मेहबूबभाई. काय गडबड झाली तर पुढच्या साली लेझर." मेहबूबभाईंनी म्हणूनच या वर्षी झाड बनवलं होतं. दोन पुरुष उंचीचा बांबूचा सांगाडा, त्याला फिरती चक्रं, चक्रांना नळे. दीड महिना ते त्यावर बसले होते. ते शेवटी पेटवायचं होतं. झाड बघितल्यावर लेझरचं नाव कुणी काढणार नाही, असं चिट्याल बैठकीत दोनदा म्हणाले. कुणाची बाजू घेताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

जत्रेच्या संध्याकाळी सात वाजता दारूकाम सुरू झालं. सगळी वसाहत वर बघत होती. आकाशाकडे पाठ करून उभा असलेला एकच माणूस होता. चिट्याल फक्कीची रेघ, वारा कळावा म्हणून दोन टोकांना लावलेली निशाणं आणि नळ्यांशेजारी रोवलेल्या काठ्या बघत होते. नळी कलली तर काठी आणि नळी यांच्यात फट दिसते, ही त्यांची युक्ती.

पहिला गोंधळ सोफ्याचा झाला. प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेला लाल सोफा फोटो नीट यावा म्हणून रेघेच्या आत ठेवला होता. चिट्याल यांनी ओरडून तो मागे घ्यायला लावला. पाहुणे उठायला तयार नव्हते, म्हणून चौघांनी त्यांना सोफ्यासकट उचलून मागे नेलं. पाच मिनिटांनी सोफा पुन्हा आत होता. चिट्याल यांनी पुन्हा ओरडायला सुरुवात केली. नागेश म्हणाला, "काका, लई टेन्शन घेता की तुमी. बघा जरा वर, काय मस्त चाललंय."

चिट्याल यांनी वर बघितलं नाही. चौथी नळी काठीपासून सुटली होती. आधीच्या दणक्यांनी वाळू खचली असावी. नळीचं तोंड सोफ्याकडे झुकलं होतं. मेहबूबभाई टेंभा घेऊन त्याच नळीकडे चालले होते. धुरात त्यांना ती फट दिसणं शक्य नव्हतं.

भोंगा वाजला. मेहबूबभाईंचा हात वातीपासून वीतभर होता. ते जागच्या जागी थांबले. त्यांनी टेंभा वाळूत खुपसला. ठरलं होतं तसंच.

चाळीस मिनिटांचा कार्यक्रम बाराव्या मिनिटाला संपला. चिट्याल पुन्हा सुरू करू देईनात. नळ्या सगळ्या उपसून पुन्हा पुरायला हव्यात, ते अंधारात होणार नाही, असं ते म्हणाले. लेटरहेडवरचं पत्र त्यांनी खिशातून काढलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी रिकामी बाटली फेकली, ती त्यांच्या खांद्याला लागली.

"काय झालं? सांगा की, झालं काय?" नागेश ओरडत होता. "काहीच झालं न्हाय."

"हो. काहीच झालं नाही," चिट्यालही ओरडत होते. "डोळे फुटले नाहीत, गोदाम पेटलं नाही. त्याचंच काम दिलं होतं मला. वाच, तुझीच सही आहे."

 मेहबूबभाईंनी आणि त्यांच्या दोन भावांनी न पेटवलेलं झाड आडवं केलं आणि टेम्पोवर चढवलं. चिट्याल टेम्पोपाशी गेले. मेहबूबभाई दोरी बांधत राहिले. गाठ मारून झाल्यावर त्यांनी न बघताच म्हटलं, "आप का काम आप ने किया, साब." आणि टेम्पो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर जाऊन चौथी नळी पाहिली. आतला गोळा काढून नेलेला होता, पण ती अजून तशीच कललेली होती. मी तिच्या रेषेत उभी राहिले तेव्हा समोर सोफ्याच्या चार पायांचे खड्डे होते. वाळूतल्या नळीचा फोटो काढला, बातमी लिहिली. डेस्कनं ती परत पाठवली. घडलं काहीच नाही, मग बातमी कशाची? पाहुण्यांच्या सत्काराचा फोटो मात्र आतल्या पानावर छापून आला. सोफ्यासकट. इतक्या वर्षांत माझ्या बऱ्याच बातम्या पडल्या आहेत. त्यांतल्या फार थोड्यांचा राग मी घरी नेला. या बातमीचा नेला.

पंधरा दिवसांत लेझरवाल्यांशी बोलणी पक्की झाली. चिट्याल यांच्याशी वसाहतीत कुणी बोलेना. त्यांना त्याची सवय होती. त्यांनी जिन्यात, टपरीवर, देवळापुढे नेहमीसारखंच ओरडणं चालू ठेवलं. फक्त मैंदर्गीला फोन केला का, असं मी विचारलं तेव्हा ते न ओरडता जिना चढून गेले.

नंतर एका सकाळी ते माझ्या दारात आले. हातात फुलस्केप कागद होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला.

"कमिटीला अहवाल दिलाय. ते वाचणार नाहीत. नागेशनं माझ्यासमोर फाइलला लावला, बघितलाही नाही. ही प्रत तुमच्याकडं ठेवा."

"कशासाठी?"

"एका ठिकाणी ठेवू नये."

ते गेल्यावर मी वाचलं. वाऱ्याची दिशा, नळ्यांची खोली, सोफा किती वेळा हलवला, सगळं क्रमानं होतं. शेवटचा परिच्छेद असा होता:

'दोन्ही लक्षणे जुळल्यापासून भोंगा वाजेपर्यंत नऊ सेकंद गेले. तीन पुरेसे होते. सहा सेकंद उशीर थांबवणाऱ्याने केला. यंत्रात दोष नव्हता. उशिराचे कारण: चालवणारे मेहबूबभाई यांच्याशी ओळख वाढवली होती, एकत्र जेवण केले होते. थांबवल्यास त्यांचे काम जाईल हे माहीत होते. झाड पेटलेले पाहावे असेही मनात होते. चूक गंभीर आहे. पुढे ही जबाबदारी अंबादास चिट्याल यांना देऊ नये.'

खाली सही होती.

त्याच आठवड्यात मी मैंदर्गीला गेले. मेहबूबभाई शेडबाहेर कागदाच्या नळ्या उन्हात पसरत होते. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची दिली, चिट्याल यांचं नाव काढलं नाही. मी कागद पुढे केला. मराठी वाचायला वेळ लागतो, तुम्हीच वाचा, असं ते म्हणाले. मी शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला.

"छे सेकंद?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पक्का?"

"त्यांनीच लिहिलंय."

ते आत गेले आणि वातीचं वेटोळं घेऊन आले. बोटांनी मोजून सहा सेकंद जळेल एवढा तुकडा कापला. शेडजवळ काडी ओढायची नसते, म्हणून आम्ही बांधापर्यंत चालत गेलो. त्यांनी वात मोकळ्या ढेकळावर ठेवली आणि पेटवली.

ती सुरसुरत निघाली. मी हातातलं घड्याळ बघत होते, ते वातीकडे. एक, दोन, तीन. एवढ्यात ती अर्धीच जळली होती. ती पुढे गेली. उन्हात जाळ दिसत नव्हता, नुसता काळा डाग सरकत होता. पाचव्या सेकंदाला मेहबूबभाईंनी एक पाऊल मागे घेतलं, सवयीनं. सहाव्याला वात संपली.

 मेहबूबभाईंचा आवाज चढला. तो चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"इत्ते में आदमी मरता, बाई. इत्ती देर रुके वो? मेरे वास्ते? उनकू बोलो, ऐसा फिर नक्को करना. दोस्त रहा तो बी नक्को."

सांगते, असं मी म्हणाले.

"नै, तुम नक्को बोलो." त्यांनी राखेवर चपलेनं माती ओढली. "मैंच आके बोलतूं. सोलापूर की एसटी कित्ते बजे है?"